तोबाकाठचं भरीत

स्लाइडच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बुरशी धरली होती. मंदाने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटला. मधल्या ठिपक्यातून बारीक तंतू निघाले होते, प्रत्येक तंतू पुढे जाऊन दोन ठिकाणी फुटला होता, आणि जिथे फुटला होता तिथे तळ्याच्या निळ्या रंगाला पिवळट कड आली होती. पावसाळ्याआधी हा डाग मोहरीएवढा होता. आता त्याने आकाशाचा कोपरा खाल्ला होता आणि तो डोंगराच्या माथ्याला येऊन टेकला होता.

"ही काढून टाकू का आज?" तिने विचारलं.

गिरधर व्यासपीठावर पडद्याची दोरी ताणत होता. "कुठली?"

"तोबा तळ्याची. बुरशी लागलीय."

"छे! ती काढली तर भरिताची गोष्ट कशावर सांगू?" दोरीला गाठ मारून तो खाली उतरला. "मागच्या रांगेतून कुणाला दिसतेय बुरशी? राहू दे."

बुरशी चित्र खात नाही. चित्र ज्याच्या आधाराने टिकतं, त्या जिलेटिनचा थर ती खाते. थर गेला की चित्र आपोआपच जातं. मंदा जळगावच्या कॉलेजात हेच शिकवत होती, निदान याच्यासारखंच काहीतरी. पण गिरधरला हे सांगून झालं होतं. तिने स्लाइड उलटी करून ट्रेमध्ये घातली. सगळ्याच स्लाइडी डोकं खाली पाय वर अशा घालाव्या लागत, तेव्हा कुठे त्या पडद्यावर सरळ दिसत.

दीपनगरच्या वसाहतीतला हा क्लबचा हॉल होता. वीजकेंद्राची घरघर भिंतींतून, खुर्च्यांतून, पायाखालच्या फरशीतून सतत येत होती. इथल्या लोकांना ती ऐकूही येत नसावी. मंदाने प्रोजेक्टरच्या भिंगावर बोट फिरवलं. सकाळी जळगावहून निघताना पुसलेलं भिंग, आणि बोटाला राखाडी पूड लागली. पदराच्या टोकाने तिने ते परत पुसलं.

सातच्या सुमाराला हॉल भरला. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष. क्लबचे चिटणीस आधार बोरसे मूळचे धुळ्याकडच्या सोनगीरचे. माइक हातात आला की सोडवत नाही, अशा जातीतला दिलदार माणूस.

"मंडळी, आज आपल्याकडे जे पाहुणे आलेत त्यांचं आडनावच फिरके! आता मला सांगा, असा माणूस घरी बसेल कसा?"

हॉल हसला. गिरधरही हसला, जणू हा विनोद आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. "चौदा महिने, पाठीवर फक्त एक सॅक, थायलंडपासून इंडोनेशियाच्या टोकापर्यंत! आणि त्यांच्यासोबत आमच्या वहिनी. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

वहिनी शेवटच्या रांगेच्या मागे, टेबलावरच्या प्रोजेक्टरपाशी उभ्या होत्या. चारदोन माना वळल्या आणि परत फिरल्या. दिवे गेले.

गिरधरच्या हातात वेताची काठी असे. ती पडद्यावर फिरवायची, आणि पुढची स्लाइड हवी की जमिनीवर एकदा ठक. सुरुवातीला तो "पुढची" म्हणत असे. मग त्याला वाटलं, त्याने बोलण्याची लय मोडते. तेव्हापासून काठी. ठक, बँकॉकचा बाजार. ठक, रात्रीची आगगाडी. ठक, एक प्रचंड वड आणि त्याच्या पारंब्यांपाशी मंदा. ठक, देवळाचा दगडी बुरूज आणि त्याच्या पायथ्याशी मंदा. त्याच्या फोटोंत ती अशीच असे, कुठल्यातरी अवाढव्य गोष्टीच्या पायाशी. प्रयोगशाळेत नमुन्याचा फोटो काढताना शेजारी नाणं ठेवतात, आकार कळावा म्हणून. नाण्याकडे कुणी बघत नाही.

ठक. तोबा सरोवर. निळं पाणी, काळा डोंगर आणि कोपऱ्यात पिवळट जाळी.

"सहावा महिना," गिरधरने आवाज खाली आणला. "सुमात्रा बेट. चार दिवस पावसाला खळ नाही. कपडे ओले, सॅक ओली, अंथरूण ओलं. आणि एका संध्याकाळी बघतो तर काय, आमच्या मॅडम सॅकवर डोकं ठेवून हमसून हमसून रडताहेत!"

अंधारात बायकांच्या बाजूने 'अगं बाई' असं काहीसं आलं.

"मी घाबरलो. म्हटलं, पोट दुखतंय का? मानेनेच नाही. आईची आठवण येतेय? नाही. मग झालं काय? तर म्हणाल्या..." इथे तो थांबे. किती थांबायचं ते आता त्याला पक्कं माहीत होतं. "म्हणाल्या, 'मला भरीत पाहिजे!'"

हॉल कोसळला. कुणीतरी मागे मांडीवर थाप मारली.

"आता आली का पंचाईत! विषुववृत्तावर आपल्याकडची वांगी आणायची कुठून? पण बायको रडतेय म्हटल्यावर काय करता? निघालो तसाच पावसात. दोन मैल चालून बाजार गाठला. लांबडी जांभळी वांगी मिळाली, आपल्यासारखी हिरवी भरताची नव्हेत. आणून स्टोव्हवर भाजली, ठेचली, वर लसूण-मिरची. तिने पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. तेव्हा मला कळलं मंडळी, माणूस जग हिंडतो, पण जीभ मात्र घरीच राहते!"

टाळ्या. मंदाने पुढची स्लाइड लावायच्या बटणावर बोट ठेवलं होतं. ते बोट पांढरं पडेपर्यंत तिने तिथेच दाबून धरलं, पण आत जाऊ दिलं नाही.

रडला होता तो.

त्या लाकडी खोलीत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, भिंतीकडे तोंड करून. तीन दिवस पोट बिघडलेलं, वर ताप. 'मला घरी ने' असं म्हणाला होता, लहान मुलासारखं, नाक ओढत. पावसात बाजाराला गेली होती ती. वांगी तिने आणली, तिने भाजली. घरमालकीण दारात उभी राहून, ही बाई भाजी का जाळतेय, म्हणून बघत होती. भरीत खाऊन तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. झोपण्याआधी म्हणाला होता, "मंदे, तू आहेस म्हणून मी इथवर आलो." पुरुषाला असं रडताना तिने घरात कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याची लाज वाटली नाही. उलट सबंध लग्नात तो तिला तेवढा जवळचा कधी वाटला नव्हता.

पहिल्यांदा ही गोष्ट त्याने उलटी सांगितली ती जळगावला, एका वाचनालयाच्या कार्यक्रमात. घरी येताना रिक्षात तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, लोकांना असंच आवडतं. बाई रडली तर हसतात. मी रडलो म्हटलं तर पुढचं ऐकतील का?" आणि तेव्हा ती हसली होती. त्या हसण्यावर त्याने आजवर ही गोष्ट चालवली. दर कार्यक्रमात ती गोष्ट जरा गुटगुटीत होत गेली. पावसात चालणं आधी तिचं होतं, ते चोपड्याला त्याचं झालं. स्टोव्ह अमळनेरला त्याच्याकडे गेला. डोळे पुसणं शिरपूरला आलं.

आणि मागोमाग आलं भरीत. कार्यक्रमानंतर ज्यांच्याकडे जेवण असे, त्यांनी आधीच कुठूनतरी ही गोष्ट ऐकलेली असे. 'मॅडमसाठी खास!' ताट पुढे येई आणि यजमानीण तोंडाकडे बघत उभी राही. मंदा मूग गिळून बसे आणि वर भरीत खाई. दोन हिवाळे.

एक गोष्ट मात्र तो कुठल्याच गावी सांगत नसे. त्या चौदा महिन्यांत कपडे तो धुवायचा. ते ठरवून झालं नव्हतं. तिला भाषा लवकर येई, म्हणून गाडीची चौकशी, खोलीचा भाव, रस्ता विचारणं तिच्याकडे गेलं. त्याला उकिडवं बसून कपडे घासायला आवडे, म्हणून ते त्याच्याकडे. नव्या गावात उतरायचं, ती खोली शोधायची, तो नळ शोधायचा. संध्याकाळी दोरीवर तिचे परकर आणि त्याचे बनियन एका रांगेत वाळत, आणि तो गॅलरीत बसून शेंगा सोलत म्हणे, "उद्या कुठे नेतेस?" त्या प्रश्नासाठी ती अजून जागी होत असे, जळगावच्या घरात, पहाटे. इथे त्याने परत आल्यापासून स्वतःचा रुमालही पाण्यात घातला नव्हता. तिकडचा तो माणूस विमानतळावर सामानाबरोबर हरवल्यासारखा झाला होता, आणि त्याची तक्रार नोंदवायला खिडकी नव्हती.

तिला परत जायचं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभराची बिनपगारी रजा हवी तर कॉलेजात जानेवारी संपायच्या आत सांगावं लागे. गेल्या जानेवारीत ती प्राचार्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती; म्हटलं, तो विचारेल, मग दोघं मिळून ठरवू. हाही जानेवारी आता सरत आला होता.

ठक. शेवटची स्लाइड: फ्लोरेस बेटावरचा सूर्यास्त. पुढे मंदा नव्हती, कारण सूर्यास्ताला नाणं लागत नाही.

"आता सगळे विचारतात, पुढे काय?" गिरधर पडद्याच्या उजेडात आला. "तर आज पहिल्यांदा, दीपनगरच्या मंचावरून जाहीर करतो. येत्या जूनमध्ये आफ्रिका! नैरोबीपासून थेट खाली केपटाउनपर्यंत." टाळ्या. त्याने हात वर केला. "पण या वेळी मी एकटा जाणार आहे. मॅडमना मागच्या वेळी फार सोसावं लागलं. तुम्ही ऐकलंतच. आता त्यांना त्रास द्यायचा नाही, असं मी ठरवलंय. त्यांनी आता घरी आरामात भरीत खावं!"

हशा आणि टाळ्यांची मघापेक्षा मोठी लाट आली. त्यात बायकांच्या टाळ्या जास्त होत्या. किती समजूतदार नवरा.

ठक. म्हणजे प्रोजेक्टर बंद, दिवे लावा.

मंदा हलली नाही. सूर्यास्त पडद्यावर तसाच तापत राहिला.

ठक, ठक.

प्रोजेक्टरच्या पंख्याची गरम हवा तिच्या मनगटाला लागत होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ती तशी धावत जात नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. ती हळू चढते, एकेका सांध्यापाशी थांबत.

"वहिनी झोपल्या वाटतं!" कुणीतरी पुढून म्हणालं. परत हशा. तिने बटण दाबलं.

गिरधरला शाल आणि नारळ. नंतर "वहिनींनी पुढे यावं". क्लबच्या महिला मंडळातर्फे तिची ओटी भरली गेली. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, वर एक स्टीलचा डबा. पदर पसरून ती उभी राहिली. ओटी भरणाऱ्या बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "किती सोसलंत हो तुम्ही! मला तर मुलं घेऊन भुसावळला जायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो." मंदा त्यांच्याकडे बघून हसली. त्या बाईंचा काही दोष नव्हता.

बाहेर अंगणात स्लाइडींची पेटी बोरश्यांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधताना गिरधर हळूच म्हणाला, "ती शेवटची स्लाइड का लोंबकळत ठेवलीस?"

"तुम्ही जूनचं मला कधी सांगणार होतात?"

"सांगितलं की आत्ता." मग तिचा चेहरा बघून, "अगं, तुझ्या भल्याचंच ना. तुलाच नको असतं."

"मला नको असतं असं कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे." त्याने दोरीला गाठ मारली. हे बोलताना तो खोटं बोलत नव्हता. त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की आता त्याला ती आठवायला लागली होती.

बोरश्यांचं क्वार्टर दोन गल्ल्या सोडून होतं. पाटांपुढे ताटं मांडलेली, ओसरीत धुराचा आणि जळल्या वांग्याच्या सालीचा वास. बोरश्यांच्या पत्नी लताबाई पदर खोचून उभ्या होत्या, आणि भिंतीला टेकून बोरश्यांची आई भिकुबाई बसली होती. सोनगीरहून नातवाच्या बारशाला आलेली म्हातारी, अजून परत गेली नव्हती. सुनेचा हात धरून तीही हॉलमध्ये येऊन बसली होती.

"बस वं माय, अठे बस. मन्हा जोडे," भिकुबाईने शेजारचा पाट थोपटला.

ताट पुढे आलं. मधोमध भरीत, हिरव्या मिरचीने हिरवं झालेलं, वर कच्च्या तेलाची धार आणि शेंगदाणे.

"मॅडमसाठी खास!" लताबाई म्हणाल्या. "भावाला बामणोदला पाठवून वांगी मागवली. तुरीच्या काड्यांवर भाजलंय, गॅसवर नाही हं."

"व्वा!" गिरधर म्हणाला. "आता ही रडणार नाही."

आधार बोरसे मोठ्याने हसले. भिकुबाई हसली नाही. तोंडात दात कमी होते, ती भाकरी दुधात कुस्करत होती.

"जळगावना लोकेसले वांगाशिवाय काही दिसस नही," ती म्हणाली. "आमना धुयाकडे भरीत व्हस, पन त्यानासाठे कोनी रडस नही."

"आई!" बोरसे म्हणाले.

"थांब रे. मी तिले इचारस." म्हातारी मंदाकडे वळली. "एक इचारू का वं? खरंच रडनी का तू तठे? वांगासाठे?"

इतकी गावं झाली, इतकी ताटं झाली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सगळे विचारत, भरीत कसं झालंय.

"नाही," मंदा म्हणाली.

गिरधरचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

"मंग कोन रडनं?"

"हे."

वीजकेंद्राची घरघर तेवढी चालू राहिली. गिरधर हसला, पण व्यासपीठावरचं हसू इथे छोट्या खोलीत मावेना. "आजी, गोष्टीत काय, थोडं इकडचं तिकडे होतंच. लोकांना हसवायला..."

"रडनं ते रडनं," भिकुबाई म्हणाली आणि परत दुधात बोटं घातली. "मानूसले रडू येस. त्यामा काय शे लपाडानं? पन आपलं रडं दुसराना गळामा कसाले बांधानं?"

"अहो आई, जेवू द्या ना त्यांना," लताबाई घाईने म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या पातेलं घेऊन मंदाजवळ आल्या. "घ्या हो मॅडम, अजून थोडं घ्या भरीत."

"नको, लताबाई." मंदाने ताटावर हात आडवा धरला. "तुम्ही मनापासून केलंत, झालंयही चांगलं. पण मला भरीत आवडत नाही. लहानपणापासून नाही आवडत. वांग्याने माझी जीभ खाजते."

"अगं बाई!" लताबाईंनी पातेलं छातीशी धरलं. "मग इतके दिवस..."

"मंदा," गिरधर म्हणाला. आवाज हळू होता, पण त्यात काठीची ठक होती. "आपण घरी गेल्यावर बोलू."

पूर्वी ती इथे थांबली असती. घरी गेल्यावर ते कधीच बोलत नसत. घरी गेल्यावर स्लाइडी पुसून पेटीत लावायच्या असत, पुढच्या गावचं पत्र आलेलं असे. तिने ताटातलं उरलेलं भरीत भाकरीच्या तुकड्याने गोळा केलं आणि खाल्लं. अन्न टाकायची तिला सवय नव्हती. जिभेला नेहमीसारखी बारीक खाज सुटली. ती वरून पाणी प्यायली आणि तिने भांडं खाली ठेवलं.

बोरश्यांनी विषय बदलण्यासाठी खाकरून घेतलं. "मग सर, आफ्रिकेत व्हिसाचं वगैरे कसं?"

गिरधर भाकरीचा तुकडा ताटातच फिरवत राहिला. लताबाईंनी पातेलं खाली ठेवलं. त्या मंदापाशी खाली बसल्या, आणि खरंच मायेने म्हणाल्या, "मी काय म्हणते, सर जूनमध्ये गेले ना, की तुम्ही सरळ आमच्याकडे या राहायला. जळगावच्या घरात एकट्या काय करणार?"

मंदाने त्यांच्याकडे पाहिलं. बाई भली होती. हे हिला सांगताना त्रास होणार नव्हता.

"जूनमध्ये मी जळगावला नसेन," ती म्हणाली. गिरधरने मान वर केली. ती लताबाईंशीच बोलत राहिली, वर्गात बोलते तशी, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "सोमवारी मी कॉलेजात वर्षभराची रजा सांगणार आहे. मी परत सुमात्राला चाललेय. एकटी."